आकड्याचं नाव घ्यावं

१

सकाळी यंत्रघराचं दार उघडलं तेव्हा आबा वजनाच्या खड्ड्यात पडलेले होते आणि त्यांचा चष्मा वर, फोनशेजारच्या फळीवर, नीट मिटून ठेवलेला होता.

तपासाला आलेल्या बाईंनी आधी चष्मा पाहिला, मग नाइलाजाने खड्डा. खड्डा म्हणजे पाणी नसलेली विहीरच. डोंगरावर जाणाऱ्या तारेला ताण देणारं एक भलंमोठं लोखंडी वजन त्यात लोंबकळत असे. वारा सुटला की ते वजन जरासं वरखाली व्हायचं आणि खालून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. बाईंच्या अंगावर काटा आला. उंची आणि खोली या दोन्ही गोष्टींची त्यांना लहानपणापासून धडकी भरायची आणि नशिबी आलं होतं ते नेमकं दोन्ही असलेलं ठिकाण.

खात्यात त्यांना सगळे शंकाबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. दिसेल त्या गोष्टीवर शंका काढायची खोड असल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

"पाय घसरला हो त्यांचा," व्यवस्थापक म्हणाला. तो हातातला रुमाल सारखा पिळत होता. "काल संध्याकाळी नव्या तारेची शेवटची तपासणी केली, पट्टी ठोकली, आणि निघताना तोल गेला असणार. सत्तरीचा माणूस. फार वाईट झालं. पण बाई, दुपारी पहिला पाळणा सोडायचाच आहे."

"माणूस मेलाय इथे."

"वर अजून एक मरेल म्हणून तर सांगतोय."

डोंगराच्या माथ्यावर रुग्णालय होतं. तिथे जायला रस्ता नव्हता, होती ती ही तार आणि तिला टांगलेला पाळणा. जुनी तार झिजली म्हणून नवी बसवली होती आणि तेवढे दिवस वरची माणसं वर, खालची खाली अशी गत होती. वर एक बाळंतीण अडली होती. मूल आडवं आलं होतं, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर खालच्या गावात होता, आणि पहिल्या पाळण्यातून तिला खाली आणायचं ठरलं होतं. शेजारून मालाची एक वेगळी तार जात होती, पण तिच्या उघड्या पाळण्यातून बाळंतिणीला आणायला डॉक्टरने नकार दिला होता. सोबत रुग्णालयाची मोठी नर्स येणार होती.

ती मोठी नर्स म्हणजे शंकाबाईंची सख्खी ताई. आई गेल्यावर हिनेच वेण्या घातल्या होत्या, हिनेच डबे भरले होते. शंकाबाईंनी खिडकीतून वर पाहिलं. तार धुक्यात शिरून दिसेनाशी झाली होती आणि तिच्यावरून ताई खाली येणार होती.

"बरं, ही पट्टी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापकाने भिंतीकडे बोट केलं. मोठ्या चाकाच्या वर एक कोरी करकरीत पितळी पट्टी बसवली होती आणि तिच्यावर ठशांनी ठोकलेला एकच आकडा होता.

६९३४९३९.

"एवढंच?"

"एवढंच," व्यवस्थापक म्हणाला. "आमच्याकडे सही नसते बाई. आकडा असतो."

शंकाबाईंनी मिटलेल्या चष्म्याकडे पुन्हा पाहिलं. जवळचं न दिसणारा म्हातारा चष्मा काढून ठेवतो आणि मग इतके बारीक ठसे ठोकतो?

२

चौकशीसाठी कर्मचाऱ्यांच्या चाळीतली एकोणतीस नंबरची खोली उघडून दिली होती. शिपायाने तिघांना तोंडी निरोप दिला. मिस्त्री लगेच आला, व्यवस्थापक तर मागेच लागलेला होता. आबांचा जावई मात्र बऱ्याच वेळाने धापा टाकत पोचला. बिचारा पलीकडच्या रांगेत एकोणचाळीस नंबरचं दार बडवत उभा होता. काल सासरे गेलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर कुठून असणार, असं म्हणून शिपायाने त्याला पाणी दिलं.

मिस्त्रीला सगळे पाना म्हणत. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"आकड्याचं गणित समजावून सांग," शंकाबाई म्हणाल्या.

"सोपं आहे बाई. इथं कामाला लागलं की माणसाला एक आकडा मिळतो. असा आकडा, की ज्याला दुसऱ्या कशाचा भागच जात नाही. आबांचा सात. माझा अकरा. साहेबांचा तेरा. जावईबापूंचा सतरा. आता तारेचं एखादं काम मी केलं आणि ते पास झालं की चालू आकड्याला अकरानं गुणायचं. दुसरं केलं, पुन्हा अकरानं. आबांनी केलं, सातानं. सगळी कामं झाली की एकच मोठा आकडा तयार होतो. त्याला भागत बसा, कुणी किती कामं केली ते आपोआप बाहेर पडतं. दुसऱ्या कुठल्याही माणसांचा गुणाकार करून तो आकडा येणारच नाही. खोटं बोलायला जागाच नाही त्यात."

"आणि काम खराब निघालं तर?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "तर आबा त्याचा आकडा भागून काढायचे. तारेवरनं नाव पुसलं जायचं त्या माणसाचं. माझं एकदा पुसलं होतं. आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं."

"दोन आणि पाच कुणाला देत नाही?"

"ते द्यायचे नाहीत. शेवटचं घर बघूनच कळतं ना. आबा म्हणायचे, माणूस शोधायला थोडे कष्ट पडावेत."

जावई तिशीतला, उंच, हसरा असावा असा चेहरा, पण आज त्याच्यावर राख फासल्यासारखी कळा होती. तो परमुलखात शिकून मोठा झाला होता, तारेची दोन टोकं एकत्र विणून जोड बांधण्यात निष्णात होता आणि लग्न झाल्यावर इथेच राहिला होता. बोलणं मात्र अगदी घरच्यासारखं, कुठे अडत नव्हतं.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"घरी. जोडाचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं माझं. बाबा तपासायला गेले तेव्हा मी घरी एकटाच होतो. हिला चार दिवसांपूर्वी, जुन्या तारेच्या शेवटच्या पाळण्यातून, वर तपासणीला नेलं, तिकडेच ठेवून घेतलंय आरामाला. अजून महिना आहे."

"पट्टीवरचा आकडा पाहिलात?"

"हो. सहा नऊ तीन चार नऊ तीन नऊ," तो म्हणाला आणि त्याने कपाळ पुसलं. "बाबांनी पास केलीय तार. निदान तेवढं तरी समाधान."

व्यवस्थापकाच्या बोलण्यात काही दम नव्हता. काल तो घरी पाहुण्यांत होता आणि ते खरंही निघालं. त्याचा नियम एकच होता. खालच्या पट्टीवरचा आणि वरच्या फळ्यावरचा आकडा जुळला की पाळणा सोडायचा.

"वरचा फळा?"

"पट्टी ठोकायच्या आधी आबा फोनवरून आकडा वर सांगतात. वर तो लिहून घेतात, पुन्हा म्हणून दाखवतात, आणि मग आबा इथे ठोकतात. आता विचारतोच मी."

यंत्रघरात परत येऊन त्याने फोन लावला आणि शंकाबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला.

"ताई, मी बोलतेय."

"छोटे? तू खाली आहेस? बरं झालं." ताईच्या आवाजात नेहमीचा धीर होता, पण त्याच्या आत काहीतरी थरथरत होतं. "लवकर सोडा गं पाळणा. पोरगी थकत चाललीय."

"फळ्यावरचा आकडा वाच."

"एकोणसाठ लाख चौतीस हजार नऊशे एकोणतीस."

शंकाबाईंनी तो कागदावर लिहिला. ५९३४९२९. मग हाताखालच्या दुसऱ्या कागदाकडे पाहिलं, जिथे पट्टीवरचा आकडा होता, आणि दोन्ही कागद एकमेकांशेजारी सरकवले. आकडे जुळत नव्हते.

३

"काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल," व्यवस्थापक म्हणाला. "फोनवर खरखर किती असते. वर सांगा, फळा पुसून पट्टीवरचा आकडा लिहा. जुळले की सोडू."

"असे जुळवायचे असतात आकडे?"

"बाई, आबांनी ठोकलेली पट्टी खोटी आणि फोनवर ऐकलेलं खरं, असं कुठे असतं का? तुमची बहीण आहे म्हणून तुम्ही—"

"माझी बहीण आहे म्हणूनच," शंकाबाई ताडकन म्हणाल्या.

खरी गोष्ट अशी होती की त्यांना भीती वाटत होती. पट्टी खरी असेल आणि त्यांनी शंकेपायी पाळणा अडवला, तर वरची बाळंतीण जाणार. फळा खरा असेल आणि त्यांनी पाळणा सोडू दिला, तर काय होईल ते त्यांच्या डोळ्यांपुढे दिसत होतं. तारेत सगळ्यात नाजूक असतो तो जोड, आणि तो आज कुठे आहे हे खालून दिसत नव्हतं. जोड डोंगराच्या निम्म्यावर, धुक्यात, कुठल्यातरी खांबापाशी होता. रिकामी तार फिरवून तो खाली आणून बघायचा म्हटलं तर संध्याकाळ होणार होती, आणि तेवढी संध्याकाळ त्या पोरीकडे नव्हती.

म्हणजे निवाडा करायचा तो दोन आकड्यांमध्ये. साक्षीदार तेच होते आणि ते खोटं बोलत नाहीत असं मिस्त्री म्हणाला होता.

त्यांनी व्यवस्थापकाचा कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि पट्टीच्या आकड्याला आधी सातने भागलं. भाग गेला नाही. म्हणजे आबांनी या तारेवर एकही काम केलं नव्हतं? तेराने भागलं, नाही गेला. सतराने, नाही. अकराने भागलं, आणि भाग अगदी साफ गेला. सहा लाख तीस हजार चारशे एकोणपन्नास उरले. त्या उरलेल्या आकड्याला चौघांपैकी कुणाचाच भाग जाईना. तो कुणाचाच नव्हता. अख्ख्या तारेवर एकट्या मिस्त्रीचा शिक्का, तोही एकदाच, आणि बाकीचं सगळं धड कुणाचं नसलेलं.

त्यांनी सावकाश मान वर केली. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता.

"माझाच गेला ना भाग?" तो म्हणाला. त्याचा आडवा आवाज पार बारीक झाला होता. "आबा कालपासून खड्ड्यात, आणि पट्टीवर मी एकटा. मला फासावरच चढवा आता."

"यंत्रघराची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे."

"आहे. ठसे पण माझ्याच पेटीत असतात, आणि पेटी इथंच पडलेली असते. पण बाई, मी तीन कामं केली या तारेवर. मोठं चाक, कप्प्या आणि ब्रेक. पट्टी मीच ठोकली असती तर तीनदा माझा आकडा गुणला असता, आबांचा गुणला असता, हिशेब चोख केला असता. खोटं बोलायचं तर एवढं अडाण्यासारखं कशाला बोलू?"

ते पटण्यासारखं होतं. तोच फोन वाजला. शंकाबाईंनी उचलला.

"छोटे," ताई हळू आवाजात म्हणाली, शेजारी कुणी ऐकू नये अशी. "तिथे सगळ्यांसमोर बोलू नकोस, नुसतं ऐक. ही पोरगी कोण आहे माहितेय का? आबांची लेक आहे. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. बाप गेल्याचं तिला सांगितलेलं नाही आणि नवऱ्याला हिच्याबद्दल सांगितलेलं नाही. तुमचे व्यवस्थापक साहेब म्हणाले, एका दिवसात एका माणसाला किती सांगायचं. सोडताय ना पाळणा?"

शंकाबाईंनी डोळे मिटले. खालच्या खड्ड्यात वजन हललं आणि दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"थोडं थांब," त्या म्हणाल्या. "ताई, काल आबांचा आवाज कसा होता?"

"जड होता. एरवी कसे, आकडा म्हणजे गाणं असल्यासारखे सांगायचे. सुटे सुटे आकडे वाचले की चिडायचे. आकडा तोडू नये, त्याचं नाव घ्यावं, म्हणायचे. काल नाव घेतलं, मी म्हणून दाखवलं, आणि ते म्हणाले, बरोबर. मग म्हणाले, उद्या सकाळी मी फोन करेन, आधी मला घरच्या माणसाशी बोलायचंय."

"फळ्यावर कालच्या आधी काय होतं?"

"मोठा होता गं आकडा. दहा कोटी आठ लाख त्र्याण्णव हजार सातशे त्र्याण्णव. तो पुसायला लावला आणि हा इवलासा सांगितला."

४

शंकाबाईंनी कॅल्क्युलेटर पुन्हा जवळ ओढला आणि फळ्याच्या आकड्याला भागायला घेतलं.

सातने भाग गेला. आठ लाख सत्तेचाळीस हजार आठशे सत्तेचाळीस. पुन्हा सातने, एक लाख एकवीस हजार एकशे एकवीस. तिसऱ्यांदा सातने, सतरा हजार तीनशे तीन. आबांची तीन कामं. मग अकराने, पुन्हा अकराने, पुन्हा अकराने. मिस्त्रीची तीन. उरले तेरा, व्यवस्थापकाचं एक. तेराला तेराने भागलं आणि हातात एक उरला. काही शिल्लक नाही, काही जास्त नाही. हा आकडा आबांचाच होता आणि ताईच्या कानात काहीही बिघाड नव्हता.

आणि त्यात सतरा नव्हता.

त्यांनी दहा कोटींच्या त्या जुन्या आकड्याला या आकड्याने भागलं. उत्तर आलं बरोबर सतरा. आबांनी जावयाचा जोड तपासला होता आणि त्याचा आकडा तारेवरून काढून टाकला होता. जोड कच्चा होता. त्या जोडावरून आता ताई खाली येणार होती, कळा देणाऱ्या पोरीचा हात धरून.

पण एवढ्याने जावयाने काही केलं असं ठरत नव्हतं. पट्टी खोटी, हे खरं. चष्मा फोनशेजारी मिटून ठेवलेला, म्हणजे आबांनी फोन केला आणि ठसे हातात घ्यायच्या आधीच कुणीतरी आलं. त्याने नंतर पट्टी ठोकली, आबा काम संपवून घसरले असं दिसावं म्हणून. त्याला वरच्या फळ्याशी जुळणारा आकडा हवा होता. मग चुकीचा का ठोकला?

त्यांनी पट्टीच्या आकड्यातून फळ्याचा आकडा वजा केला. दहा लाख दहा. अकराचा भाग त्यालाही जात होता, म्हणून बिचारा मिस्त्री विनाकारण अडकला होता. पण चूक दोन जागी, आणि दोन्ही जागी एकाच मापाची. एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर, एकोणतीसच्या जागी एकोणचाळीस. फोनची खरखर इतकी शिस्तीत चुकत नाही.

"एकोणसाठ," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "एकोणतीस." पुन्हा म्हणाल्या. साठ. तीस. कानाला ऐकू येतं ते साठ आणि तीस. ज्याने लहानपणी हे पाढे घोकले नाहीत, त्याला ते एकोण म्हणजे एक कमी हे कळणार कसं? तो आपला साठच्या घरात जाऊन नऊ लिहिणार. तीसच्या घरात जाऊन नऊ लिहिणार.

म्हणजे आकडा पाहून नव्हे, ऐकून ठोकला होता. खरखरीमुळे आबा फोनवर ओरडूनच बोलले असणार, आणि यंत्रघराला लागून तारांची खोली होती, मध्ये नुसत्या फळ्या. तिथे उभं राहून कुणीतरी ऐकत होतं.

आणि मग शंकाबाईंना आठवलं की सकाळी कुणीतरी भलतंच दार बडवत उभं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून नव्हे. एकोणतीस म्हटल्यावर तो आपला तीसच्या घरात शिरला होता.

५

त्यांनी तिघांना यंत्रघरात बोलावलं. खड्ड्यावर आता ताडपत्री टाकली होती, तरी त्या तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या नाहीत.

"निघायचंच आहे," त्या जावयाला म्हणाल्या, जमेल तितक्या साध्या आवाजात. "वर प्रसूतीच्या वॉर्डात सांगा, तयार राहा म्हणून. तुम्हीच लावा फोन. एकोणपन्नास."

जावयाने फोन उचलला. तबकडीत बोट घातलं. पाच. मग नऊ.

पलीकडून भांडी आदळल्याचा आवाज आला आणि कुणीतरी बाई खेकसली, "स्वयंपाकघर. कोण पाहिजे?"

मिस्त्रीने चमकून वर पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला नाही, तो आयुष्यभर आबांच्या तोंडचे आकडे ऐकत आला होता. व्यवस्थापकाच्या हातातला रुमाल पिळायचा थांबला.

शंकाबाईंनी फोन जावयाच्या हातातून काढून घेतला, तो ठेवला, पुन्हा उचलला आणि स्वतः चार आणि नऊ फिरवले.

"चुकून लागला," जावई म्हणाला. "माझं आज कशातच लक्ष—"

"सकाळीही चुकला होतात. आणि काल संध्याकाळी पट्टीवर दोनदा. दर वेळी बरोबर दहाने."

"काय बोलताय तुम्ही? माझा जोड पक्का आहे. बाबांनी पास केलाय. पट्टी समोर आहे."

"पक्का आहे?"

"पक्का आहे!"

फोनवर ताईचा आवाज आला. "बोल छोटे. पाळणा दारात लागलाय. स्ट्रेचर उचलायचं का?"

शंकाबाईंनी फोन जावयाच्या कानाशी नेला. हा माणूस आता हो म्हणाला तर काय, याचा विचारही त्यांना करवत नव्हता. मिस्त्रीने ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला होता, पण तेवढ्याने त्यांचा जीव थाऱ्यावर येईना.

"तुम्हीच सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "पाळण्यात तुमची बायको बसणार आहे. तिला काल रात्रीपासून कळा सुरू आहेत."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. मग व्यवस्थापकाकडे. व्यवस्थापकाने मान खाली घातली, आणि त्यावरून त्याला कळलं की हे खरं आहे.

"हॅलो?" ताई म्हणाली. "बसवू का तिला?"

ताडपत्रीखाली वजन हललं.

"नको," जावई म्हणाला. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाला. "नको. नको. तिला बसवू नका."

मग तो खालीच बसला.

"आठवड्यात परत बांधणार होतो," तो सांगत होता, जमिनीकडे बघत. "दोन दिवस पाळणा बंद ठेवायला लागला असता, एवढंच. मी शेजारच्या तारांच्या खोलीत होतो. त्यांनी वर आकडा सांगितला, माझा भागून काढलेला. मला भागाकार कळत नाही का? आवाजावरूनच कळलं. मी आत गेलो, म्हटलं, बाबा, घरातच ठेवा हे, आत्ता नको. ते म्हणाले, तारेला घर नसतं. कोरी पट्टी त्यांच्या हातात होती, ती मी ओढली. नुसती ओढली हो. ते मागे गेले आणि..." तो थांबला. "वर फळ्यावर आकडा गेलाच होता. म्हटलं, तोच ठोकला तर कोण भागत बसणार आहे."

"इतक्या लोकांना त्या जोडावरून आणणार होतात?"

"धरला असता जोडाने. आठवडाभर धरला असता," तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

६

शेवटी मालाचा पाळणा बाहेर काढला. त्याची तार वेगळी होती, जुनी आणि जाडजूड. त्यातून एरवी भाजीचे क्रेट आणि औषधांची खोकी जात. त्याला ना छप्पर ना दार, चाल गोगलगायीची, आणि डॉक्टर आधी त्याला साफ नको म्हणाला होता. आता दुसरा मार्गच नव्हता. वर गाद्या अंथरल्या, पोरीला पट्ट्यांनी बांधलं, आणि ताई तिच्या उशाशी गुडघे टेकून बसली.

शंकाबाई फलाटाच्या टोकाला उभ्या होत्या. धुक्यातून काहीच दिसत नव्हतं, नुसता तारेचा घरघर आवाज येत होता. मध्येच तो थांबला आणि त्यांनी शेजारच्या मिस्त्रीचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला.

"खांब ओलांडतोय बाई," तो म्हणाला. "थांबतोच तिथे."

घरघर पुन्हा सुरू झाली. मग धुक्यात एक काळा ठिपका दिसला, त्याचा पाळणा झाला, आणि पाळण्याच्या काठावर ताईचा भिजलेला, पांढरा पडलेला चेहरा दिसला. शंकाबाई रडल्या. खात्यातल्या शिपायासमोर रडल्या आणि त्यांना त्याची काही लाज वाटली नाही.

डॉक्टर स्ट्रेचरपाशी धावला. पोरगी शुद्धीवर होती, ओठ चावून चावून रक्ताळलेले. शिपायाने जावयाला गाडीत बसवायचं थांबवलं होतं, कारण त्याने तेवढंच मागितलं होतं. तो दोन माणसांच्या मधे उभा होता. तिने त्याला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. त्याच्या दंडाला दोन हात धरून आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आलात तुम्ही?" ती म्हणाली. "मी काल रात्रीपासून घाबरून मेले होते. पण ताईंना म्हटलं, बाबांनी परवा फोनवर शब्द दिलाय मला. म्हणाले, तार धड आहे अशी माझी खात्री पटल्याशिवाय तुला तिच्यावरून येऊ देणार नाही, मग समोर कोणी का असेना."

स्ट्रेचर उचललं गेलं. तिने मान वळवून फलाटावरच्या एकेकाचा चेहरा पाहिला, मिस्त्रीचा, व्यवस्थापकाचा, पुन्हा नवऱ्याचा.

"बाबा कुठे आहेत?" तिने विचारलं.